श्रेष्ठ, समान आणि समकक्ष: ड्रीम थिएटरच्या आरंभीच्या अल्बमांविषयीचा वाद

एखाद्या संगीतसमूहाचा एक अल्बम दुसऱ्याहून श्रेष्ठ आहे असे त्याचा जाणकार चाहता म्हणतो तेव्हा तो नेमके काय म्हणत असतो, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी सौंदर्यशास्त्रातील एक जुना आणि अजून न सुटलेला पेच त्यात दडलेला आहे. ड्रीम थिएटर या अमेरिकन समूहाच्या आरंभीच्या अल्बमांचा क्रम कसा लावावा यावरून त्याच्या चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षे चाललेला वाद या पेचाच्या अभ्यासाला विशेष उपयोगी पडतो. वाद घालणारे सगळेच या संगीतावर जीव टाकणारे आहेत आणि ऐकून ऐकून त्यांचा कान तयार झालेला आहे, त्यामुळे अज्ञान किंवा अनास्था हे मतभेदाचे नेहमीचे खुलासे येथे कामाला येत नाहीत.

जॉन पेट्रूची, जॉन मायंग आणि माइक पोर्टनॉय या बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातील तीन विद्यार्थ्यांनी १९८५ साली हा समूह ‘मॅजेस्टी’ या नावाने सुरू केला. त्याचे संगीत ज्या प्रकारात मोडते त्याला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. हेवी मेटलमधील मुद्दाम खरखरीत आणि वजनदार केलेला गिटारचा आवाज आणि १९७०च्या दशकातील प्रोग्रेसिव्ह रॉकची दीर्घ, अनेक खंडांत उलगडणारी, विषम मात्रांचे ताल वापरणारी रचना यांचा संयोग म्हणजे हा प्रकार होय. चाहत्यांच्या वादात ‘आरंभीचे’ म्हणून जे अल्बम येतात ते बहुधा पाच असतात: चार्ली डॉमिनिची या गायकासह केलेला ‘व्हेन ड्रीम अँड डे युनाइट’ (१९८९), कॅनडाचा जेम्स लाब्री गायक म्हणून आल्यानंतरचा ‘इमेजेस अँड वर्ड्स’ (१९९२), त्याहून काळोखा आणि जड ‘अवेक’ (१९९४), ‘फॉलिंग इंटू इन्फिनिटी’ (१९९७) आणि संपूर्ण अल्बमभर एकच कथा सांगणारा ‘मेट्रोपोलिस भाग २: सीन्स फ्रॉम अ मेमरी’ (१९९९). शेवटच्या तीन अल्बमांच्या काळात की-बोर्डवादक दोनदा बदलला. केव्हिन मूर ‘अवेक’चे काम पुरे होत असतानाच समूह सोडून गेला, त्याच्या जागी डेरेक शेरिनियन आला आणि १९९९च्या अल्बमापर्यंत जॉर्डन रुडेस आला होता. चाहत्यांची मते पुष्कळदा या बदलांच्या रेषेवरच विभागली जातात.

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या तिसऱ्या मीमांसेत ‘सुखकारक’ आणि ‘सुंदर’ यांच्यात जो भेद केला आहे, त्याचा येथे प्रथम विचार करावा लागतो. एखादे मद्य रुचकर आहे असे म्हणणाऱ्याला ‘तुला रुचकर आहे’ अशी दुरुस्ती सुचवली तर तो ती बिनतक्रार स्वीकारतो. पण एखादी कृती सुंदर आहे असे म्हणणारा अशी दुरुस्ती स्वीकारत नाही, कारण तो इतरांच्याही संमतीची अपेक्षा धरून बोललेला असतो, जरी ती संमती सिद्धतेच्या बळावर कोणाकडूनही वसूल करता येत नसली तरी. ‘अवेक’ हाच सर्वश्रेष्ठ असे म्हणणाऱ्या चाहत्याला ‘ही तुमची आवड झाली’ असे उत्तर मिळाले की तो दुखावतो. या दुखावण्याला हट्टीपणा समजणे चूक आहे, कारण आपल्या विधानाचा प्रकारच समोरच्याने ओळखला नाही अशी त्याची तक्रार असते आणि ती रास्त असते.

मात्र सिद्धता देता येत नाही म्हणून कारणेही देता येत नाहीत असे मुळीच नाही. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५७च्या आपल्या निबंधात ‘डॉन किहोटे’मधील एक प्रसंग घेतला आहे. एका पिंपातील मद्य चाखून दोन जाणकारांपैकी एकाला त्यात चामड्याची आणि दुसऱ्याला लोखंडाची किंचित चव लागते, लोक दोघांनाही हसतात, आणि पिंप रिकामे केल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडते. ‘इमेजेस अँड वर्ड्स’च्या पिंपातही अशी एक किल्ली आहे. ज्यांना तो अल्बम किंचित यांत्रिक वाटतो त्यांना आरंभी आपल्या अस्वस्थतेचे कारण सांगता येत नाही, परंतु त्यातील स्नेअर ड्रमचा, म्हणजे ठेक्याचा मुख्य आघात ज्यावर पडतो त्या उथळ ड्रमचा आवाज लक्ष देऊन ऐकला की कारण सापडते. निर्माता डेव्हिड प्रेटर याने तेथे ट्रिगर वापरले होते. ट्रिगर म्हणजे ड्रमला जोडलेली अशी योजना की काठीचा आघात झाला की आधी साठवून ठेवलेला आवाज उमटतो. त्यामुळे हलका आणि जोरकस आघात यांतील फरक पुसट होतो आणि प्रत्येक ठोका मागच्या ठोक्याची प्रत वाटू लागतो. स्वतः ड्रमवादक पोर्टनॉय या आवाजावर नाराज होता. ज्याने हे कधी ऐकले नव्हते त्याला एकदा दाखवून दिले की नंतर ते ऐकू येतेच, टाळता येत नाही. कलाविषयक वादातील कारण असे बोट दाखवून देण्याचे असते, आणि ज्या वादात असे बोट दाखवले जाते तो वाद वाया गेलेला नसतो, मग शेवटी कोणाचा क्रम बदलो वा न बदलो.

असे दाखवून दिलेले ऐकू येण्यासाठी ऐकणाराही तयार असावा लागतो. काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे तो सहृदय, ही अभिनवगुप्ताची कल्पना मराठी वाचकाला परिचित आहे. त्याने ‘अभिनवभारती’त सांगितलेली सात रसविघ्ने, म्हणजे रसास्वादातील अडथळे, त्यामानाने कमी आठवली जातात. त्यांपैकी एक म्हणजे निजसुखादिविवशीभाव, अर्थात स्वतःच्या खासगी सुखदुःखांच्या आहारी जाणे. क्रमवारीच्या वादात हे विघ्न फार मोठे आहे. विशीत ज्या अल्बमाने एखाद्याला पहिल्यांदा गाठले, ज्याच्या संगतीत परीक्षा, मैत्री आणि विरह पार पडले, त्या अल्बमाला तो जे मोल देतो त्यातील बराचसा भाग त्याच्या स्वतःच्या गेलेल्या दिवसांचा असतो. ते प्रेम खोटे नाही आणि त्याची लाज वाटण्याचेही कारण नाही, मात्र अल्बमच्या गुणांची साक्ष म्हणून ते दुसऱ्यापुढे ठेवता येत नाही.

‘फॉलिंग इंटू इन्फिनिटी’च्या बाबतीत वेगळाच अडथळा उभा राहतो. हा अल्बम घडत असताना ध्वनिमुद्रण कंपनीने दुहेरी अल्बमचा बेत नाकारला, अधिक सुटसुटीत गाण्यांचा आग्रह धरला आणि ‘यू नॉट मी’ हे गाणे डेस्मंड चाइल्ड या बाहेरच्या गीतकाराच्या मदतीने बदलून घेतले गेले. ही हकीकत माहीत असलेला चाहता त्या अल्बमात तडजोड ऐकतो आणि ती माहीत नसलेल्याला तेथे मोकळी, श्वास घेणारी गाणी ऐकू येतात. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ या १९७४च्या ग्रंथात सौंदर्यविचाराला लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव असल्याचे दाखवले. कलाकृतीचा जीवनाशी, हेतूंशी, नैतिकतेशी असलेला संबंध मोलाचा मानणारा तो एक ध्रुव आणि कलाकृतीला स्वायत्त मानून केवळ तिच्या अंगभूत घटनेकडे पाहणारा तो दुसरा. चाहत्यांचा वाद या दोन ध्रुवांमध्ये सतत हेलकावे खातो आणि बऱ्याच वेळा एकाच वाक्यात ध्रुव बदलतो. वास्तविक या अल्बमातील ‘हेल्स किचन’ किंवा तेरा मिनिटांचे ‘ट्रायल ऑफ टिअर्स’ यांना कोणत्याही हकिकतीच्या आधाराची गरज नाही, आणि अल्बमच्या जन्मकथेमुळे त्यांचे मोल उणे धरणे हा अन्याय आहे.

इतके सगळे साफ करून, विघ्ने दूर सारून आणि कारणे दाखवून झाल्यावरही ‘इमेजेस अँड वर्ड्स’ आणि ‘अवेक’ यांच्यातला वाद मिटत नाही, आणि खरा तात्त्विक प्रश्न येथेच सुरू होतो. अशा वेळी ‘दोन्ही सारखेच चांगले’ असे म्हणून माणसे मोकळी होतात, पण हे उत्तर टिकत नाही. तराजूची पारडी खरोखर समतोल असतील तर त्यांपैकी एकात गुंजभर सोने टाकताच ते खाली गेलेच पाहिजे. आता अशी कल्पना करावी की ‘इमेजेस अँड वर्ड्स’ हा अल्बम एकही सूर न बदलता, फक्त ड्रमचा नैसर्गिक आवाज ठेवून मुद्रित झाला असता. तो आहे त्याहून थोडा सरस झाला असता, हे बहुतेक सर्वजण मान्य करतील. मग दोन्ही अल्बम मुळात समान असतील तर या सुधारलेल्या अल्बमाने ‘अवेक’ला मागे टाकायला हवे होते. प्रत्यक्षात ‘अवेक’चा एकही विचारी चाहता एवढ्यावरून आपली बाजू सोडणार नाही, आणि त्याने ती सोडावी असे प्रतिपक्षालाही वाटणार नाही. याचा अर्थ असा की दोन्हींपैकी कोणताही श्रेष्ठ नव्हता आणि ते समानही नव्हते.

तत्त्वज्ञ जोसेफ रॅझ यांनी अशा प्रकारच्या युक्तिवादावरून दोन मूल्यांमध्ये तुलनेचा संबंधच नसू शकतो असा निष्कर्ष काढला. रूथ चँग या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी २००२ सालच्या आपल्या निबंधात निराळी वाट दाखवली. श्रेष्ठ, कनिष्ठ आणि समान या तीन संबंधांखेरीज चौथाही संबंध असतो आणि त्याला समकक्षता म्हणता येईल, असे त्या सांगतात; समकक्ष वस्तूंची तुलना होऊ शकते, त्या एकाच पायरीवर उभ्या असतात, पण त्यांच्यातील फरक इतका गुणात्मक असतो की तो एका मापावर अधिक-उणे म्हणून मांडता येत नाही. प्रस्तुत दोन अल्बमांचे नाते हेच आहे. ‘इमेजेस अँड वर्ड्स’ची शक्ती जुळणीत आहे. जेमतेम अडीच मिनिटांच्या ‘वेट फॉर स्लीप’मधील पियानोची छोटी आकृती लगेच नंतरच्या ‘लर्निंग टू लिव्ह’ या सुमारे साडेअकरा मिनिटांच्या रचनेत पुन्हा येते, आणि ऐकणाऱ्याला पूर्ण अल्बम एका मुठीत आल्यासारखा वाटतो. कवी आणि समीक्षक मर्ढेकर यांनी लयीची जी तीन तत्त्वे सांगितली, संवाद, विरोध आणि समतोल, त्यांतील संवाद येथे प्रधान आहे. ‘अवेक’मध्ये विरोध प्रधान आहे. ‘व्हॉइसेस’च्या कोंदट गजबजाटानंतर ‘द सायलेंट मॅन’ची साधी, विद्युत्-साधनांविना वाजवलेली गिटार येते, आणि शेवटी मूरने रचलेले ‘स्पेस-डाय व्हेस्ट’ एकट्या पियानोने सुरू होऊन अल्बमला कोणताही दिलासा न देता संपवते. समूह ते गाणे २०१४ पर्यंत रंगमंचावर वाजवत नव्हता. संवादाचा एक शेर आणि विरोधाचा एक शेर समोरासमोर तोलणारा काटा कोणापाशीच नाही.

क्रमवारीला आणखी एक अडचण आहे, ती अशी की कृती जागच्या जागी राहत नाहीत. १९९२च्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’मधील ‘मेट्रोपोलिस’ या गाण्याच्या नावात ‘भाग १’ हे शब्द दुसरा भाग लिहिण्याचा कोणताही बेत नसताना घातले गेले होते. १९९९मध्ये त्याचा दुसरा भाग म्हणून एक पूर्ण अल्बम आला. त्याची कथा पुनर्जन्माची आहे: निकोलस नावाचा तरुण संमोहनाखाली १९२८ साली खून झालेल्या व्हिक्टोरिया या तरुणीचे आयुष्य पाहतो आणि ती आपणच होतो हे त्याला उमगते. कथेत जे घडते तेच सुरांतही घडते, कारण ‘ओव्हर्चर १९२८’ आणि ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ या वाद्यरचनांमध्ये जुन्या गाण्याचे तुकडे नव्या देहात परत येतात. उत्पलदेव आणि अभिनवगुप्त यांच्या काश्मीर शैवदर्शनात प्रत्यभिज्ञा, म्हणजे समोरचा हा तोच आहे अशी ओळख पटणे, ही नुसती आठवण मानली जात नाही. त्या क्षणी ओळखलेली वस्तू आणि ओळखणारा या दोहोंविषयी काही उलगडते. जुने गाणे माहीत असलेल्या श्रोत्याला हा अनुभव येतो आणि नंतर तो ‘भाग १’ पूर्वीच्या कानांनी ऐकू शकत नाही. सात वर्षे आधीच्या अल्बमाला नंतरच्या अल्बमाने अर्थ पुरवला, तर त्या अर्थाचे श्रेय क्रमवारीत कोणाच्या खाती मांडायचे हे ठरवता येत नाही.

यावरून सगळे क्रम निरर्थक ठरतात असे मात्र समजू नये. ‘व्हेन ड्रीम अँड डे युनाइट’चे ध्वनिमुद्रण सुमारे तीन आठवड्यांत उरकावे लागले होते, त्याचा आवाज पातळ आहे, ‘द किलिंग हँड’सारख्या रचनेत पुढचा समूह स्पष्ट दिसत असला तरी कल्पना आणि कसब यांची सांधेजोड अजून झालेली नाही, आणि म्हणून तो अल्बम नंतरच्या दोन्ही अल्बमांच्या खाली आहे असे म्हणणे हे केवळ मत नसून योग्य मूल्यमापन आहे. चौथ्या संबंधाला अर्थ येतो तो अशाच स्पष्ट उदाहरणांमुळे: जो अल्बम दोहोंच्याही खाली ठरतो त्याच्यामुळे ते दोन एकाच मापनाच्या कक्षेत येतात हे सिद्ध होते. तेव्हा आरंभीच्या अल्बमांची प्रामाणिक यादी करायची तर तिच्या पहिल्या ओळीवर ‘इमेजेस अँड वर्ड्स’ आणि ‘अवेक’ ही दोन नावे शेजारीशेजारी लिहावी लागतील, आणि त्यांच्यामध्ये बरोबरीचे चिन्ह घालता येणार नाही.