दुःखकाळीचे स्मरण

दुःख प्राप्त झाले म्हणजे जीव परमेश्वराकडे वळतो. मात्र तो कशासाठी वळतो, याचा विचार त्या घाईत राहून जातो.

महामारीच्या वर्षी, ११ ते १७ मे २०२० या सप्ताहात, नवी मुंबईतील वाशीचे कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला व धान्य हे पाचही घाऊक बाजार बंद ठेवण्यात आले. मुंबईला अन्न पुरविणाऱ्या त्या आवारात पाठीवर पोती वाहून कुटुंब पोसणारा माथाडी कामगार रित्या हाताने बसला. वाशीतच सिडकोच्या प्रदर्शन केंद्रात रुग्णांसाठी खाटा मांडल्या गेल्या. मंदिरांची द्वारे मार्चमध्येच मिटली होती. ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. ज्याचे दर्शनच खुंटले त्याने प्रार्थना करावी कशी?

पंथावर याहून मोठा वियोग आरंभीच कोसळला होता. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर नागदेवाचार्य रिद्धपुरी स्वामींच्या लीळा आठवीत राहिले. त्यांना स्मरणात मग्न पाहून म्हाइंभटांनी पृच्छा केली आणि त्यातूनच लीळाचरित्र सिद्ध झाले. पुढे खालशाच्या धाडीत मूळ पोथी नाहीशी झाली, तेव्हा शिष्यांच्या मुखपाठातून ती पुन्हा उभी राहिली. या स्मरणात मागणे कोठेच नव्हते.

‘ज्वर उतरू दे, अमुक अर्पण करीन’ ही देवतेशी चालणारी देवघेव होय. देवतेचे फळ भोगून सरते. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ वेगळे जाणणाऱ्याने परमेश्वराशी तसा व्यवहार मांडू नये. रडू आले तर रडावे. आर्ताचे रडणे सौदा नव्हे.

स्मरण करणाऱ्यांचेही आप्त त्या साथीत गेले, हे झाकण्यात अर्थ नाही. श्रद्धा उणी पडली म्हणून मरण आले, असे शोकार्ताला ऐकविणारे तेव्हाही होते. ते बोलणे निष्ठुर तर आहेच, शास्त्रालाही धरून नाही. देहाचा भोग कर्माधीन आहे, आणि परमेश्वरावरील विश्वास म्हणजे देह राखून देण्याचा करार नव्हे. औषध घेणे हाही अविश्वास नव्हे. (हे मुद्दाम लिहावे लागते, हीच खेदाची गोष्ट.)

अशा काळी वासनिकाने घरीच, नेमल्या वेळी, एक लीळा आठवावी. चित्त ठरत नसेल तर ती वाचावी. शेजारच्या खोलीतील रुग्णाला ऐकू जाईल इतक्या आवाजात वाचली तर अधिक बरे.