आणखी एक माणूस

तीर्थयात्रेला निघतानाचा एक प्रसंग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. पहाटेची वेळ, दारात मोटार उभी. आई-वडील, पती-पत्नी आणि तीन वर्षांचा मुलगा, अशी पाच आसनांत पाच माणसे बसलेली. मागच्या बाजूस अन्नदानासाठी घेतलेले तांदळाचे पोते व पिशव्या. गाडी सुरू होणार तोच कालच पाहुण्या म्हणून आलेल्या आत्याबाई उंबऱ्याबाहेर येतात आणि म्हणतात, "मीही आले असते रे दर्शनाला. बाळाला मांडीवर घेऊन बसेन. थोडे सरकून घ्या. देव आहे ना पाठीशी!"

अशा वेळी नकार देण्यास जीभ रेटत नाही. देवदर्शनाला निघालेल्या वडीलधाऱ्या माणसाला मागे ठेवणे हे पाप नव्हे काय, असा प्रश्न मनात उभा राहतो. सर्वजण सरकतात, दार ओढून लावले जाते आणि आपण एक सत्कृत्य केले या समाधानात यात्रेला आरंभ होतो. हे खरोखरच सत्कृत्य आहे काय, याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पाच आसनांच्या लहान मोटारीची माणसे व सामान मिळून भार वाहण्याची मर्यादा साधारणतः चारशे ते साडेचारशे किलो असते. पाच प्रौढ माणसांचे सव्वातीनशे, बाळाचे पंधरा, पोत्याचे पन्नास आणि पिशव्यांचे चाळीस किलो धरले तर चारशे तीस किलो होतात. म्हणजे काटा मर्यादेला टेकला. टपावर आणखी सामान बांधले की ती ओलांडली जाते. तथापि प्रश्न केवळ वजनाचा नाही. गाडीत आसने पाच, पट्टे पाच आणि माणसे सहा. सहाव्या जिवासाठी पट्टा उरत नाही, आणि तो जीव त्या मांडीवरच्या बाळाचा असतो.

ताशी ५० किलोमीटर हा वेग आपणास संथ वाटतो. परंतु त्या वेगाने जाणारी गाडी अचानक आदळून थांबणे म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्यासारखे असते. गाडी क्षणाच्या दहाव्या भागात थांबली तर पंधरा किलोचे बाळ दोनशे किलोहून अधिक जोराने पुढे खेचले जाते. आत्याबाईंची माया कितीही अपार असली तरी एवढा भार पेलणारे हात कोणत्याच माणसाला मिळालेले नाहीत. उलट, स्वतः पट्टा न लावलेले माणूस बाळासह पुढे फेकले जाते आणि ते बाळ त्या माणसाच्या व पुढच्या आसनाच्या मध्ये सापडते. जी मांडी आपण सर्वांत सुरक्षित समजतो, तीच अशा वेळी घातक ठरते.

यावर सहज उत्तर येते, "आजवर असेच गेलो, काही झाले नाही." हे विधान खरे असेल, पण त्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. आपल्या परंपरेने कर्म आणि फल यांचा भेद शिकविला आहे. फळ आपल्या हाती नसते, म्हणून कर्माची परीक्षा फळावरून करू नये. डोळे मिटून रस्ता ओलांडणारा पलीकडे सुखरूप पोहोचला, एवढ्याने त्याची कृती शहाणपणाची ठरत नाही. तद्वत दहा वेळा सुखरूप पोहोचणे हे दहा वेळा योग्य वागल्याचे प्रमाण नव्हे. ती कृपा असेल, योगायोग असेल, पण ते आपले कर्तृत्व नव्हे. कर्माचा निवाडा गाडी सुरू होण्यापूर्वी, जे आपणास ठाऊक होते त्यावरूनच व्हावयास हवा.

दुसरे उत्तर श्रद्धेचे असते. वाहनाची पूजा झाली आहे, चाकाखाली लिंबू ठेवले आहे, आता चिंता कसली? वाहनपूजा ही सुंदर प्रथा आहे. जे यंत्र आपला जीव वाहून नेते त्याच्याविषयी कृतज्ञता आणि सावधानता तिच्यात आहे. परंतु ज्या चाकाला आपण हळदकुंकू वाहतो त्यात हवा किती आहे, हे पाहणेही त्या पूजेचेच अंग आहे. भार वाढला की चाकातील हवेचा दाब किती असावा, हे बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळील पट्टीवर लिहिलेले असते. हाती असलेली काळजी न घेता रक्षणाचा भार देवावर टाकणे ही श्रद्धा नव्हे. तो आळस आहे आणि त्याला आपण श्रद्धेचे वस्त्र नेसवितो.

या संदर्भात एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. सन १९५९ मध्ये स्वीडनमधील व्होल्वो कंपनीचे अभियंते नील्स बोलिन यांनी खांदा व कंबर यांना तीन ठिकाणी धरून ठेवणारा पट्टा तयार केला. त्याचे हक्क स्वतःपाशी ठेवून कंपनीला मोठी कमाई करता आली असती. परंतु तो पट्टा इतर उत्पादकांनाही वापरण्यास मोकळा ठेवण्यात आला. हे एक दानच होय. ते दान आज आपल्या गाडीत प्रत्येक आसनाशेजारी लटकत असते आणि आपण मात्र ते स्वीकारण्यास कंटाळतो.

विशेषतः मागे बसणाऱ्यांना पट्टा अनावश्यक वाटतो. दि. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी मरण पावले. दोघेही मागच्या आसनांवर होते आणि त्यांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागचे माणूस पट्ट्याविना असले तर ते पुढच्या आसनावर आदळून पुढच्याचाही जीव धोक्यात घालते. म्हणून "माझा जीव, माझी मर्जी" हा युक्तिवाद येथे टिकत नाही. सन २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार पट्टा न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे आणि चौदा वर्षांखालील मुलालाही पट्ट्याने वा बालआसनात सुरक्षित बसविणे बंधनकारक आहे. परंतु दंडाच्या भयाने केलेले आचरण घाट चढेपर्यंतच टिकते. विवेकाने केलेले घरी परतेपर्यंत टिकते.

सामानाविषयीही हाच विवेक हवा. जड वस्तू सर्वांत खाली व मागच्या आसनाच्या पाठीला टेकवून ठेवावी आणि पक्की बांधावी. मोकळे ठेवलेले पोते, तांब्याची कळशी वा नारळांची पिशवी अपघातात मानेवर येऊन आदळते. टपावर जड सामान बांधू नये, कारण भार उंच गेला की वळणावर गाडी कलंडण्याची भीती वाढते. नांदुरीहून सप्तशृंग गडावर चढणारा रस्ता असो वा वाईहून पाचगणीकडे जाणारा पसरणीचा घाट, उतरताना खालचा गिअर ठेवावा. सतत ब्रेक दाबून ठेवल्यास ते तापून निकामी होऊ शकतात, आणि गाडी जितकी भरलेली तितके लवकर तापतात. इंधन वाचविण्यासाठी इंजिन बंद करून उतरणे हा तर जिवाशी खेळ होय. चढून येणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्यावी, असा नियमच आहे.

आता पुन्हा आत्याबाईंकडे वळू. नकाराचीही किंमत असते, हे मान्य केलेच पाहिजे. वय झालेले, पुन्हा योग येईल की नाही ठाऊक नाही, अशा वेळी "जागा नाही" हे शब्द त्यांच्या मनाला लागतात. त्यांची इच्छा खोटी नाही आणि आपली ओढही खोटी नाही. मग करावे काय?

विचार केल्यास ध्यानात येते की आपण सर्वांनी सरकून जी जागा "दिली", ती वस्तुतः कोणीच दिली नव्हती. प्रत्येकाने आपले आसन राखले आणि किंमत मात्र बाळाच्या वाट्याला टाकली, ज्याला ना होकार देता येत होता ना नकार. रस्त्याने समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या वाट्यालाही ती थोडी आली. दुसऱ्याच्या पदरातून केलेल्या दानाला दान म्हणत नाहीत. जागा देणे म्हणजे स्वतः उठणे. घरातील धडधाकट माणसाने उतरावे, आत्याबाईंना आसन व पट्टा द्यावा आणि आपण मागाहून एस.टी. ने यावे. किंवा आत्याबाईंसमवेत कोणी एस.टी. ने निघावे. राज्यात सन २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत, तर २०२३ मध्ये महिलांना अर्ध्या तिकिटात एस.टी. प्रवासाची सवलत सुरू झाली. एखादे वेळी पोते घरी ठेवावे आणि तेवढ्या मोलाची देणगी कार्यालयात द्यावी. अन्नछत्रातील पंगतीत त्याने काहीच उणे पडत नाही.

आणि ज्येष्ठांनाही एक नम्र विनंती आहे. चालकाने "एवढेच बसतील" असे म्हटले तर त्यात अनादर पाहू नये. त्याला भीड घालू नये, घाई करू नये, झोप अनावर झाली असता "पोहोचलोच आता" असे म्हणून पुढे रेटू नये. नकार देणाऱ्या चालकाने त्या क्षणी सर्वांची जबाबदारी घेतलेली असते. त्याला आशीर्वाद द्यावा.

दर्शन एक दिवस उशिरा घडले तरी ते दर्शनच असते. गाभाऱ्यातील दिवा उद्याही तेवत असेल. तो पाहण्यास आपण सर्वजण, आणि मांडीवरचे ते बाळही, सुखरूप असावे, हीच प्रार्थना. आपला परतीचा प्रवास सुखाचा होवो.