लाजेपोटी दीनचे ज्ञान अडू नये



मुले सात वर्षांची झाली की आपण त्यांना नमाजची सवय लावतो. परंतु ज्या दिवसापासून नमाज आणि रोजा त्यांच्यावर फर्ज होतात, त्या दिवसाविषयी घरात अवाक्षरही निघत नाही. बालिग होण्याची खूण अल्लाहने शरीरातच ठेवली आहे. मुलीला पहिली पाळी येते, मुलाला एहतलाम होतो.

या खुणेमागील योजना पाहा. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी असते. ठरल्या वेळी मेंदूचा संदेश मिळताच ती संप्रेरके सोडू लागते. त्यांच्या प्रभावाने मुलाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन आणि मुलीच्या शरीरात इस्ट्रोजेन वाढते. पुढे प्रत्येक चक्रात इस्ट्रोजेन गर्भाशयाचे अस्तर वाढवते, बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन ते टिकवून धरते. गर्भ न राहिल्यास दोन्ही संप्रेरके ओसरतात आणि ते अस्तर रक्तासह बाहेर पडते. आपणा सर्वांची पहिली वस्ती ज्या अस्तरात झाली, त्याची घृणा कशी करावी?

मदीनेत याविषयी प्रश्न विचारला गेला, तेव्हा सूरह अल-बकराच्या २२२ व्या आयतीत उत्तर आले. ही त्रासाची अवस्था आहे, तेवढ्या काळात पतीने समागम टाळावा. पत्नीचे ताट वेगळे करण्यास सांगितले गेले नाही. हजरत आयशा (रजि.) पाळीत असताना ज्या जागी ओठ लावून पाणी पीत, तिथेच ओठ लावून प्रेषित (स.) पीत असत. हजच्या वाटेवर पाळी आल्याने त्या रडू लागल्या, तेव्हा प्रेषितांनी (स.) समजावले की, आदमच्या लेकींसाठी हे अल्लाहनेच ठरवले आहे.

आता आपल्या घरांकडे पाहा. रमजानमध्ये पाळी आलेली मुलगी भावांसमोर रोजा असल्याचे भासवते आणि दिवसभर तहानलेली राहते. अल्लाहने दिलेली सवलत आपल्या संकोचाने हिरावून घेतली जाते. पाळीतील नमाज माफ आहे, तिची कजा नाही. रोजांची कजा मात्र आहे. हे तिला कोणी सांगितलेच नाही, तर त्या राहिलेल्या रोजांचा जाब कोणाला विचारला जाईल?

हनफी मतानुसार हैजची कमाल मुदत १० दिवस, तर कोकणात प्रचलित असलेल्या शाफई मतानुसार १५ दिवस. त्यापुढील रक्तस्राव इस्तिहाजा होय. त्यात नमाज सुटत नाही. प्रारंभीची एक-दोन वर्षे पाळी अनियमित असणे स्वाभाविक आहे. मात्र रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालला किंवा १५ व्या वर्षापर्यंत पाळी आलीच नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

मातांनो, मुलगी नऊ-दहा वर्षांची होताच तिला जवळ घेऊन हे सांगा. पहिले रक्त पाहून ती भेदरता कामा नये. पित्यांनो, मुलाला गुस्ल शिकवा, आणि बहिणीने रोजा का ठेवला नाही असे विचारायचे नसते, हेही शिकवा. अन्सारी स्त्रियांची हया त्यांच्या प्रश्नांच्या आड आली नाही, म्हणून हजरत आयशा (रजि.) यांनी त्यांची प्रशंसा केली.

अल्लाह आपल्या घरांना हया आणि ज्ञान दोन्ही प्रदान करो. आमीन.