जीर्णोद्धार

जुन्या वस्तूंच्या बाबतीत माणसांचे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, मोडले की टाकावे; दुसरा म्हणतो, मोडले तरी ठेवावे. पहिल्या पंथाची घरे मोकळी असतात, दुसऱ्याची भरलेली. दिवाळीपूर्वी माळा काढावयाची वेळ आली, म्हणजे हे दोन्ही पंथ एकाच घरात, बहुधा पतिपत्नींच्या रूपाने, समोरासमोर उभे ठाकतात. मी स्वभावाने दुसऱ्या पंथातला. परंतु अलीकडे एका क्षुल्लक उद्योगात पडल्यापासून एखादा तिसराही पंथ असला पाहिजे, असे मला वाटू लागले आहे.

तो उद्योग म्हणजे रेडिओच्या लहरींवर धावणाऱ्या खेळण्यातल्या मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या पुन्हा जिवंत करणे! जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ या गाडीची अशी छोटी प्रतिकृती काढली आणि पोरांबरोबर थोरांनाही हे वेड लागले. या मोटारींच्या पोटात पुष्कळदा निकेल-कॅडमियमचे सहा सेल एकापुढे एक जोडलेले असत. प्रत्येकाचा दाब १.२ व्होल्ट, मिळून ७.२. हा सेल मूळचा स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांचा, १८९९ सालचा. आमच्या माळ्यावरची मोटार मुलाच्या मामाने १९९४ साली परदेशातून आणलेली. यंदा ती नातवाच्या हाती लागली आणि त्याने विचारले, "आजोबा, हिची बॅटरी मेली का हो?"

प्रश्न साधा होता. पण मेली म्हणजे काय? बॅटरी चार्जरला लावली, तर त्याने तिला ओळखच दाखवली नाही. आजकालचे हुशार चार्जर दाब फारच कमी दिसला की सरळ नकार देतात. यंत्राच्या दृष्टीने ती मेलेली. पण निकेल-कॅडमियमची गंमत अशी, की तो रिकाम्या पोटी वर्षानुवर्षे पडून राहिला तरी पुष्कळदा तग धरतो. त्याला फक्त घाई सोसत नाही. दीड हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असेल, तर दीडशे मिलिअँपिअरचा बारीक प्रवाह चौदा ते सोळा तास द्यावयाचा, मग दर सेलमागे एक व्होल्ट उरेपर्यंत ती सावकाश रिकामी करावयाची, पुन्हा भरावयाची. अशा तीनचार फेऱ्या झाल्या, की झोपलेला कोण आणि गेलेला कोण, हे आपोआप कळते. उपेक्षा आणि मृत्यू या दोहोंत फरक आहे, तो एका नजरेत दिसत नाही; त्याला सोळा तास लागतात. माणसांच्या बाबतीत आपण एवढे तास कितीदा देतो?

काहींना हा धीर नसतो. सेलच्या आत कॅडमियमचे केसासारखे तंतू वाढतात आणि त्याची दोन टोके आतल्या आत जोडली जातात. तेव्हा दुसऱ्या जोरकस बॅटरीतून प्रचंड प्रवाहाचा एक तडाखा द्यावयाचा, की तो तंतू जळून जातो आणि सेल खडबडून जागा होतो. पाहणाऱ्याला चमत्कार वाटतो! परंतु आतल्या पडद्याला पडलेले भोक काही भरून येत नाही. तंतू पुन्हा वाढतो, भरलेली वीज आतल्या आत गळत राहते. शिवाय सेल फुटण्याचा धोका असतो तो निराळाच. धाकाने उठवलेले मूल, शपथ घालून सुधारलेला माणूस आणि हा सेल, यांची जात एकच.

याहून मोठा धडा त्या सहा सेलच्या साखळीत आहे. साखळीतून सर्वांना सारखाच प्रवाह वाहावा लागतो. समजा, त्यांतला एक दुबळा आहे. तो आधी रिकामा होतो. पण बाकीचे पाच थांबत नाहीत. ते आपला प्रवाह त्याच्यातून रेटतच राहतात आणि त्या बिचाऱ्याची ध्रुवताच उलटी होते. त्याचे धन ते ऋण होऊन बसते. दुबळा आधीच होता. त्याचा नाश मात्र सशक्तांच्या उत्साहाने होतो, आणि त्यांत एकाच्याही मनात वाईट नसते! "आमच्या घरात सगळ्यांना सारखेच नियम," असे कोणी अभिमानाने सांगू लागले, की मला आता तो सहावा सेल आठवतो. जाणकार यावर दोन उपाय करतात. सर्वांत दुबळा दमला की खेळ थांबवतात. किंवा सेल सुटे करून, मोजून, सारख्या ताकदीचे एकत्र जोडतात. कुटुंबाला दुसरा उपाय करता येत नाही. पहिला मात्र येतो.

आमच्या बॅटरीतले चार सेल ठणठणीत निघाले, एक अर्धामुर्धा, एक अगदीच गेलेला. दोन बदलल्यावर मोटार अंगणात धावू लागली आणि घरात माझा भाव वधारला. लगेच नातवाने आपल्या नव्या गाडीची बॅटरी पुढे केली. ही लिथियम-पॉलिमरची. कित्येक महिने पडून पार उतरलेली आणि उशीसारखी फुगलेली. "ती तीस वर्षांची जिवंत केलीत, मग ही दोन वर्षांची का नाही?"

खरा नैतिक प्रश्न हा होता. लिथियमचा सेल भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो; तीनच्या खाली तो जाऊ देऊ नये. फार खाली गेला, तर आतले तांबे विरघळू लागते आणि पुन्हा भरताना नको तिथे साचून आतल्या आत जोड करू शकते. मग तो पेटतो, आणि कधी पेटेल हे सांगून पेटत नाही. इथे तो सोळा तासांचा धीर काही उपयोगाचा नाही. जुन्या बॅटरीवर मी माझे श्रम पणाला लावले होते. ते माझेच होते. या फुगलेल्या बॅटरीवर पणाला लागली असती, ती रात्री शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांची सुरक्षितता. ती माझ्या मालकीची नव्हे. कोणाला वाचवण्याचा माझा हट्ट दुसऱ्याच्या जिवावर चालत असेल, तर त्याला दया म्हणता येत नाही. नातू हिरमुसला. दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. नकाराची ती किंमत मला रास्त वाटते.

पण नकार दिला म्हणजे जबाबदारी संपली, असे पहिल्या पंथाने समजू नये. टाकणे म्हणजे काय? आपल्या दारातून उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवणे! कॅडमियम हे विष आहे. जपानच्या तोयामा प्रांतात खाणीतले कॅडमियम जिंझू नदीतून भातशेतीत उतरले आणि हाडे ठिसूळ करणाऱ्या रोगाने तिथली माणसे, विशेषतः बायका, विव्हळली. त्या रोगाचे नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखते, दुखते'. त्याचे कारण कॅडमियम आहे, हे तिथल्या सरकारने १९६८ साली मान्य केले. आपल्याकडे २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु कचऱ्याच्या डब्याचे झाकण उघडणारा हात आपलाच असतो, आणि तो डबा उपसणारा हात कोणा गरिबाचा. मेलेले सेल आणि ती फुगलेली बॅटरी, टोकांना चिकटपट्ट्या लावून, आम्ही संकलन केंद्रावर नेऊन दिली. नातू बरोबर आला होता. त्याने स्वतःच ती तिथल्या माणसाच्या हातात दिली आणि म्हणाला, "काका, ही जपून हं."

तो तिसरा पंथ मला सापडला आहे, तो एवढाच: ठेवण्यापूर्वीही मोजावे आणि टाकण्यापूर्वीही मोजावे. मोजणे हा शब्द जरा कोरडा वाटतो, हे मला ठाऊक आहे. प्रेमाच्या गावी हिशेब नसतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु ज्याला आपण मोजत नाही, त्याची आपल्याला खरोखर काळजी असते काय? या दिवाळीत माळा काढाल, तेव्हा वस्तूंचे काय करावयाचे ते करा. पण घरातला सहावा सेल कोणता, तेवढे मात्र फराळाच्या ताटावरून सर्वांकडे पाहताना जरा मोजून पाहा.