घरची शाळा

२०२० च्या मार्चात महासाथीमुळे शाळा बंद झाल्या आणि पोरांची पाटी घरी आली. पुढे शाळा उघडल्या, पण तेव्हा पडलेला एक प्रश्न आम्हांला अजून सुटलेला नाही. तव्यावर भाकरी असते, दारी कोणी आलेले असते, आणि पोर विचारते, "हे अक्षर कसं काढू?" आम्ही वसकन म्हणतो, "काम दिसत नाही का?" भाकरी वाचते, पण पोराचा हुरूप करपतो.

तर मग प्रपंच शिक्षणाच्या आड येतो काय? प्रपंच परमार्थाच्या आड येतो असे आपला संप्रदाय मानीत नाही. जनाबाईंनी दळताकांडताच विठ्ठल गाइला. मग परातीतल्या पिठात बोटाने 'अ' का काढू नये? ताटे मांडताना बेरीज का होऊ नये?

मात्र यात एक पळवाट आहे. शिक्षणाच्या नावाखाली पोराला कामाला जुंपणे हे शिक्षण नव्हे. आणि सारा भार बाईच्या माथी टाकून घरधन्याने टाळ वाजवीत बसावे, ही भक्तीही नव्हे. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला. त्याआधीची वर्षे बहुतांशी घराच्याच पदरात आहेत.

म्हणून आम्ही एवढेच ठरविले आहे: सांजेला हरिपाठाआधी थोडा वेळ, घरातल्या कोणीतरी एकाने, हातातले काम खाली ठेवून पोराजवळ बसायचे. राग आला तर आधी नाम घ्यायचे, मग अक्षर सांगायचे. रोज साधतेच असे नाही. पण मूल अक्षराबरोबर आपला स्वरही गिरवीत असते, हे विसरून कसे चालेल?

रामकृष्णहरि.