गमावण्यासारखे काय उरले?

१८६२ साली एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने इजिप्तमधील लक्सर येथे एक प्राचीन गुंडाळी विकत घेतली. तीत निरनिराळ्या जखमा व अस्थिभंग यांची वर्णने असून ती सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची आहे. रुग्णास तपासून वैद्याने तिनांपैकी एक निर्णय द्यावयाचा, अशी तिची रीत आहे: यावर मी उपचार करीन, या व्याधीशी मी झुंजेन, यावर उपचार नाही. मानेचे हाड निखळून ज्याला आपल्या हातापायांची जाणीवच उरली नाही, त्याच्या वाट्याला तिसरा निर्णय आला आहे. निर्णय कठोर खरा, परंतु त्या वैद्याने खोटे सांगितले नाही.

पुढे सहस्रावधी वर्षे या निर्णयात फरक पडला नाही. १९०६ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी, स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल, यांनीही प्रौढ मेंदूतील व मज्जारज्जूतील तुटलेले तंतू पुन्हा जुळत नाहीत असाच निष्कर्ष काढला होता. त्याला पहिला मोठा धक्का १९८१ मध्ये बसला. मॉन्ट्रिअल येथील डेव्हिड आणि आग्वायो यांनी उंदराच्या मज्जासंस्थेत पायाच्या नसेचा तुकडा पुलासारखा बसविला, तेव्हा आतले तंतू त्यातून काही सेंटिमीटर वाढले. वाढण्याची शक्ती तंतूंत आहे, सभोवतालची परिस्थिती त्यांना अडविते, असा त्याचा अर्थ. १९९८ मध्ये विस्कॉन्सिन येथे जेम्स थॉम्सन यांनी मानवी भ्रूणापासून मूलपेशी मिळविल्या. ज्यांना आपण सर्व जण स्टेम सेल म्हणतो, त्याच या. त्यांपासून शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी घडू शकते, आणि म्हणूनच मेलेल्या मज्जापेशींच्या जागी नव्या घालता येतील ही कल्पना स्वप्नातून प्रयोगशाळेत आली.

नैतिक प्रश्न उद्भवतो तो येथे. उपचार नाही असे निश्चित ठाऊक असते तोवर वैद्याचे कर्तव्य सोपे होते. उपचार सिद्ध झाल्यावरही ते सोपे होईल. आज आपण या दोहोंच्या मध्ये उभे आहोत, आणि याच मधल्या प्रदेशात रुग्ण विचारतो: मला गमावण्यासारखे काय उरले आहे? जे काही असेल ते टोचा.

या युक्तिवादाला उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही. धीर धरा म्हणून सांगणारे बहुधा स्वतःच्या पायांवर चालत येऊन ते सांगतात, याचे भान आम्हांस आहे. तथापि युक्तिवादाचे पहिलेच पाऊल चुकते. ज्याचे पाय गेले त्याचे हात असतात. हातही गेले तरी श्वास असतो, वेदनारहित झोप असते, घरच्यांची जमीन असते. एका इस्रायली मुलाला २००१ पासून मॉस्को येथे मेंदूत व मज्जारज्जूभोवती गर्भातील मज्जामूलपेशी टोचण्यात आल्या. त्याला गाठी झाल्या, आणि त्या दात्यांच्या पेशींपासून उत्पन्न झाल्या होत्या असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. लुळ्या पडलेल्या एका तरुणीच्या पाठीत नाकातल्या अस्तराच्या पेशी रोवल्या होत्या. आठ वर्षांनी तेथे शेंबडासारखा स्राव करणारी गाठ आढळली; ही हकीकत २०१४ मधली. दोघांनाही गमावण्यासारखे बरेच काही होते.

यावर कोणी म्हणेल की अमक्याला गुण आला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. पाहिले असेल. मज्जारज्जूला इजा झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत अनेकांना थोडीफार शक्ती आपोआप परत येते. त्याच काळात टोचणी झाली असेल, तर श्रेय टोचणीला जाते आणि बिलही तिचेच होते.

मग खरे काय ते कळावे कसे? येथे आम्हांस सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट येते. कंपवाताच्या ४० रुग्णांवरील एका अमेरिकन प्रयोगाचा वृत्तांत २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या मेंदूत गर्भातील पेशी घालण्यात आल्या. उरलेल्या निम्म्यांच्या कवटीला नुसती छिद्रे पाडली, आत काहीच घातले नाही. आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना ठाऊक नव्हते. निरोगी हाडाला केवळ देखाव्यासाठी भोक पाडणे हे कोणत्या वैद्यधर्मात बसते? प्रथम वाचताना मन शहारते. परंतु पुढे वाचावे. वर्षअखेर रुग्णांनीच आपल्या प्रकृतीचे जे मूल्यमापन केले, त्यात दोन गटांत लक्षणीय फरक निघाला नाही. उलट पेशी मिळालेल्यांपैकी काहींना पुढे अनावर हालचालींचा त्रास जडला. २००४ मध्ये तर असे दिसून आले की, ज्यांना आपल्याला पेशी मिळाल्या असे वाटत होते, त्यांना, मिळाल्या असोत वा नसोत, अधिक बरे वाटत होते. देखाव्याची ती छिद्रे पाडली नसती, तर शेकडो कवट्या निष्कारण उघडल्या गेल्या असत्या. त्या वीस जणांनी असे होऊ शकते हे आधी जाणून संमती दिली होती. फसवणुकीला दिलेली संमती ही फसवणूक राहत नाही, असे आमचे मत आहे, जरी ते मांडताना लेखणी थोडी अडखळते.

भ्रूणाच्या प्रश्नावर आम्ही येथे थांबत नाही. क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतील पेशी मागे फिरवून मूलपेशींसारख्या केल्या, तेव्हापासून त्या वादाची धार पुष्कळ कमी झाली आहे.

आपल्या देशातील नियम स्पष्ट आहेत. सरकारी कागदपत्रांच्या वाचकांना एक बारकावा आवडेल: २००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकात ‘संशोधन’ आणि ‘उपचार’ असे दोन्ही शब्द होते, २०१३ मध्ये ‘उपचार’ हा शब्द गाळण्यात आला. २०१७ च्या तत्त्वांनीही, रक्तविकारांसाठी होणारे रक्तजनक पेशींचे रोपण वगळता, बाकी सर्व संशोधनच मानले. आणि संशोधनात सहभागी होणाऱ्याकडून प्रयोगाचे मोल घेता येत नाही. मोल मागितले गेले, की प्रयोग संपला आणि विक्री सुरू झाली असे समजावे.

आपल्यापैकी अनेकांच्या मेजावर भविष्यनिर्वाह निधीतून आजारासाठी रक्कम काढण्याचे अर्ज येतात. एखाद्या लिपिकाच्या मुलाचा अपघात झालेला असतो आणि सोबत अशाच एखाद्या केंद्राचे अंदाजपत्रक जोडलेले असते. पैसा त्याचा स्वतःचा आहे. आजार खरा आहे. मंजुरी नाकारण्याचा अधिकार आपणांस नाही, आणि असावा असेही आम्हांस वाटत नाही. परंतु सही करण्यापूर्वी त्याला समोर बसवून, ही रक्कम ते का मागतात, हे विचारण्यास कोणत्या नियमाची आडकाठी आहे? त्याला वाईट वाटेल. साहेब आशा मोडतात असेही तो बाहेर म्हणेल.

त्याला सांगण्यासारखे मात्र काहीतरी आहे. टोकियोच्या केइओ विद्यापीठात डिसेंबर २०२१ पासून चार रुग्णांच्या मज्जारज्जूत, इजेनंतर दोन ते चार आठवड्यांच्या आत, प्रत्येकी सुमारे २० लक्ष पेशी सोडण्यात आल्या. मार्च २०२५ मध्ये संशोधकांनी निष्कर्ष जाहीर केले: गंभीर अपाय कोणास झाला नाही, दोघांत सुधारणा दिसली, त्यांतील एक जण आधाराशिवाय उभा राहू शकतो. ही सुधारणा पेशींमुळेच झाली की नाही, हे चार रुग्णांवरून ठरविता येत नाही, असे त्याला त्याच दमात सांगावे लागेल.