पलंगाखालची सोनी



गेल्या पावसाळ्यात घरभेटीसाठी आम्ही सिडकोतील एका कुटुंबाकडे गेलो होतो. त्या घरी नुकतीच एक कुत्री आली होती. विकत घेतलेली नव्हे, तर अनाथ प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलेली. नाव सोनी. प्रार्थना झाली, चहा झाला, पण सोनी काही पलंगाखालून बाहेर येईना. आम्ही वाकून प्रेमाने हात पुढे केला. ती भिंतीला चिकटली, थरथरू लागली आणि तिने जागीच लघवी केली. खरे सांगायचे तर आम्हाला थोडा अपमानच वाटला.

घरातल्या आजी म्हणाल्या, "बघा ना फादर, वीस दिवस झाले. घर राखत नाही, शेपूट हलवत नाही, जवळ येत नाही. मग आणली कशाला?"

हा प्रश्न परतीच्या वाटेवरही आमच्या मनातून जाईना. जो जीव आपल्याला काहीच देत नाही, त्याचे आपण काय देणे लागतो?

संत थॉमस अक्वायनस सांगतात, की जनावरांशी क्रूरपणे वागणारा माणूस पुढे माणसांशीही तसाच वागू लागतो. अठराव्या शतकातील जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांचे म्हणणेही जवळपास हेच होते. त्यांनी तर कुत्र्याचाच दाखला दिला आहे: ज्याने इमानाने चाकरी केली, त्याला म्हातारपणी धन्याने मरेपर्यंत सांभाळावे. दाखला चांगला आहे. पण त्या कुत्र्याने आपली भाकरी कमावली होती. सोनीने काय कमावले?

आपल्याच जिल्ह्यातील पैठणच्या संत एकनाथांची गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे. रामेश्वराला वाहायला काशीहून आणलेले गंगाजल त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. त्या गाढवाने नाथांचे कोणते ओझे वाहिले होते? ते तहानलेले होते, एवढेच पुरेसे होते. ख्रिस्तसभेची धर्मशिकवण (परिच्छेद २४१६) हेच सांगते: प्राणी ही देवाची निर्मिती आहे आणि त्यांच्याशी ममतेने वागणे हे माणसाचे देणे आहे. देणे म्हणजे उपकार नव्हे. उपकाराची परतफेड मागता येते, देण्याची नाही.

शिवाय सोनी स्वतःहून आली नव्हती, तिला आणले होते. वचन दिले ते घरच्यांनी, तिने नव्हे. महिन्याभरात तिला परत नेऊन सोडणे म्हणजे तिच्या भीतीला आणखी एक कारण देणे. म्हणून असा जीव घरी आणण्याआधीच आपल्या सबुरीचा अंदाज घ्यावा.

आणि भीती म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. पिल्लू साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात जगाची ओळख करून घेते. त्या दिवसांत ज्याला माणसाचा मायेचा हात लागला नाही, त्याला पुढे प्रत्येक हात दगडासारखा वाटू शकतो. आम्ही पुढे केलेला हात आमच्या दृष्टीने प्रेमाचा होता. तिला ते कसे कळावे?

त्या घरातील शाळकरी मुलीला हे आमच्याआधी समजले. ती जेवणाची वाटी ठेवून मागे सरायची आणि सोनीकडे पाठ करून जमिनीवर पुस्तक वाचत बसायची. डोळ्यांत डोळे घालून पाहायची नाही, ओढून बाहेर काढायची नाही. सोनी गुरगुरली तरी रागवायची नाही. गुरगुरणे ही सूचना असते. ती मारून दाबली, तर पुढे सूचनेशिवाय चावा बसतो. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने सोनी दोन दिवस मोरीत बसून होती, तेव्हा तिने पाणी तिथेच नेऊन ठेवले.

नाताळात आम्ही पुन्हा गेलो. सोनी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली, आमच्या चपला हुंगल्या आणि परत गेली. आजी हसून म्हणाल्या, "येते आता बाहेर. पण एक सांगू का फादर? या घरात माझ्याशी इतक्या हळू आवाजात कधी कोणी बोललं नाही."

सगळे हसले. आम्हाला मात्र हसू आले नाही. तीच धर्मशिकवण (परिच्छेद २४१८) म्हणते, की प्राण्यांवर प्रेम करावे, पण जी माया फक्त माणसाचीच आहे ती त्यांना देऊ नये. याचा अर्थ सोनीची वाटी काढून घ्यावी असा नाही. पलंगाखालच्या जिवासाठी आपण जी सबुरी शिकलो, ती पलंगावर बसलेल्या माणसापर्यंतही पोहोचावी, असा आहे.

आपल्याही घरात कोणी तरी कोपऱ्यात गप्प बसलेले असेल: म्हातारी आई, नवी सून, परीक्षेत नापास झालेला मुलगा. "इतकं करूनही जवळ येत नाही" अशी आपली तक्रार असते. आज मिस्सानंतर घरी गेल्यावर त्यांच्याजवळ थोडा वेळ बसू या. काही न मागता, हळू आवाजात.

आपले धर्मगुरू